पडद्यावरील एकसूत्रता : मुक्त सॉफ्टवेअरच्या घरातील एक जुना प्रश्न

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



एका शाळेच्या संगणक कक्षात घडलेला हा प्रसंग. सातवीतील एका मुलीने 'माझे आजोळ' या विषयावर दीड पान निबंध संगणकावर मराठीत टंकित केला. विंडो बंद करताना पडद्यावर प्रश्न उमटला आणि त्याखाली तीन बटणे आली. आदल्या महिन्यात ती ज्या संगणकावर बसत असे, तेथे डावीकडचे पहिले बटण लेखन जतन करण्याचे होते. हात सवयीने तिकडेच गेला. या संगणकावर मात्र डावीकडचे पहिले बटण 'जतन न करता बंद करा' असे होते. दीड पान गेले. बाई म्हणाल्या, "अगं, आधी वाचायचं नाही का?" मुलीने मान खाली घातली आणि पुढचे दोन आठवडे ती वहीतच लिहीत राहिली.

बाईंचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते पुरेसेही नव्हते. रोजच्या वापरातील वस्तू माणूस वाचून वापरीत नाही. घरातला दिव्याचा खटका अंधारात हाताला सापडतो, कारण तो काल जेथे होता तेथेच आज असतो. त्या कक्षातील दोन्ही संगणकांवर लिनक्स होते, दोन्हींवरील प्रोग्रॅम मुक्त होते, आणि प्रत्येकाच्या कर्त्यांनी बटणांचा क्रम विचारपूर्वक ठरविला होता. एकेकटा प्रोग्रॅम तपासला तर कोठेही दोष दाखविता येत नाही. तरीही एका मुलीचा निबंध गेला, आणि निबंधापेक्षा मोठी गोष्ट, म्हणजे यंत्राविषयीचा तिचा विश्वास, काही दिवसांपुरता का होईना, गेला. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन शहाण्या प्रोग्रॅमांमधील विसंवाद हा आहे.

ही विसंगती आली कोठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. ज्याचा गाभा कोणालाही वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल असे सॉफ्टवेअर निर्माण करणे हा त्यामागील हेतू होता. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो जगापुढे ठेवला. पडद्यावर खिडक्या काढण्याचे काम मात्र याहून निराळ्या एका व्यवस्थेकडे होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ पासून विकसित झालेली ती 'एक्स विंडो' व्यवस्था होय. तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व आरंभीच ठरवून टाकले होते : साधन द्यायचे, धोरण द्यायचे नाही. खिडकी कशी काढावी हे ती सांगेल. खिडकी कशी दिसावी, बटण कोठे असावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे तत्त्व उदार होते, आणि त्या उदारपणामुळेच एक्स विंडो आजवर टिकली. पण त्याचे परिणाम गमतीदार झाले. त्या काळातील 'अथीना' नावाच्या संचातील सरकपट्टीवर माउसचे डावे बटण दाबले की मजकूर पुढे जाई, उजवे दाबले की मागे येई आणि मधले दाबून पट्टी ओढता येई. शेजारच्या खिडकीतील प्रोग्रॅम 'मोटिफ' या दुसऱ्या संचावर बांधलेला असला की त्याची सरकपट्टी अगदी वेगळ्या रीतीने चाले. एकाच पडद्यावर चार खिडक्या आणि चार घराण्यांची गायकी, असा तो प्रकार होता. ज्यांनी ते प्रोग्रॅम लिहिले त्यांना याचा त्रास फारसा होत नसे. त्यांचे बरेचसे काम काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करूनच चाले.

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठातील माटिआस एट्रिश या विद्यार्थ्याने या परिस्थितीवर बोट ठेवले. युनिक्सवरील प्रोग्रॅम परस्परांसारखे दिसत नाहीत आणि वागतही नाहीत, सामान्य वापरणाऱ्यासाठी यात काहीच केलेले नाही, अशी त्याची तक्रार होती. तक्रार करून तो थांबला नाही. सर्व प्रोग्रॅमांना एकच रूप आणि एकच वागणूक देणाऱ्या 'केडीई' या प्रकल्पाचे निमंत्रण त्याने दिले आणि अनेक देशांतील तरुण त्याला येऊन मिळाले. त्यांनी बांधणीसाठी नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचा 'क्यूटी' हा संच निवडला. त्या संचाचा परवाना त्या वेळी पुरेसा मुक्त नव्हता. तत्त्वाला जपणाऱ्यांना ते रुचले नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' हा दुसरा प्रकल्प सुरू केला. पुढे २००० मध्ये क्यूटीचा परवाना बदलून तो पूर्णतः मुक्त झाला आणि भांडणाचे मूळ कारण उरले नाही. पण तोवर दोन्ही घरे बांधून झाली होती. ज्याला मराठी नाट्यसंस्थांचा किंवा वाचनालयांचा इतिहास थोडाफार ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. फूट पडण्याचे कारण संपते आणि फूट तशीच राहते.

म्हणजे एकसूत्रतेच्या ध्यासातूनच दोन निराळ्या एकसूत्रता जन्माला आल्या. केडीईच्या घरात सगळे एकसारखे, ग्नोमच्या घरात सगळे एकसारखे. आणि वापरणारा तर दोन्ही घरांतील प्रोग्रॅम एकाच पडद्यावर वापरणार. २००० मध्ये रेड हॅट कंपनीतील हॅवक पेनिंग्टन यांनी 'फ्रीडेस्कटॉप' नावाचा एक सामाईक मंच उभा केला, तो यासाठीच. मंचाने कोणालाही हुकूम दिला नाही. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत दारे कोठे असावीत एवढेच तेथे ठरू लागले : प्रोग्रॅमची नोंद मेनूत कशी करावी, चिन्हांना नावे कोणती द्यावीत, एका प्रोग्रॅममधून उचललेला मजकूर दुसऱ्यात कसा जावा.

उचललेल्या मजकुराची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. एक्स विंडोत मजकूर उचलण्याच्या दोन पेट्या पूर्वीपासून आहेत. नुसता मजकूर निवडला की तो एका पेटीत जातो आणि माउसचे मधले बटण दाबले की तेथून बाहेर येतो. 'कॉपी' ही आज्ञा दिली की तो दुसऱ्या पेटीत जातो आणि 'पेस्ट' म्हटले की तेथून उतरतो. एके काळी काही प्रोग्रॅम या दोन पेट्यांची सरमिसळ करीत. परिणाम असा होई की माणसाने एक परिच्छेद कॉपी करावा, तो जेथे डकवायचा तेथील जुना मजकूर पुसण्यासाठी निवडावा, आणि पेस्ट म्हणावे, तर नुकताच पुसलेला मजकूरच पुन्हा समोर उभा! फ्रीडेस्कटॉपच्या मंचावर दोन्ही पेट्यांचे नियम स्पष्ट लिहिले गेले, मोठ्या संचांनी ते स्वीकारले आणि हा घोटाळा जवळजवळ मिटला. आज कोणी त्याची आठवणही काढीत नाही. एकसूत्रतेचे काम असेच असते. ते झाले की दिसेनासे होते, म्हणून ते करणाऱ्याला शाबासकी क्वचितच मिळते.

कळफलकावरील एक अडचण मात्र अजून शिल्लक आहे. सर्वत्र कंट्रोल आणि 'सी' दाबले की मजकूर उचलला जातो; परंतु आज्ञा टंकित करण्याच्या काळ्या खिडकीत त्याच दोन कळा दाबल्या की चालू असलेले काम थांबते, कारण युनिक्समध्ये त्या कळांचा तो अर्थ फार जुना आहे. म्हणून तेथे शिफ्टही जोडावी लागते. जुन्याचा मान राखायचा की नव्याची सोय पाहायची, असा हा पेच आहे, आणि येथे जुन्याचा मान राखला गेला तो योग्यच म्हटला पाहिजे. त्या खिडकीत बसणाऱ्यांची बोटे गेली कित्येक दशके तसाच सराव करीत आली आहेत.

२००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ग्नोमवर एक साधी चाचणी घेतली. सुमारे डझनभर सामान्य माणसांना संगणकासमोर बसविले, नित्याची कामे सांगितली आणि ती कशी अडखळतात हे शांतपणे टिपून घेतले. प्रोग्रॅमकर्त्यांना जे शब्द पाण्यासारखे सोपे वाटत होते ते या माणसांना कळत नव्हते. एकच काम करणारी अनेक छोटी साधने मेनूत शेजारी शेजारी मांडलेली होती, आणि त्यांपैकी कोणते घ्यावे हे त्यांना उमगत नव्हते. या निष्कर्षांत बुद्धिमंतांना थक्क करणारे काहीच नव्हते. नवे एवढेच होते की मुक्त सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी प्रथमच आपल्या घरात आलेल्या पाहुण्याला ठेचकाळताना प्रत्यक्ष पाहिले. (अॅपल कंपनीत असा प्रकार त्याआधी वीस वर्षे घडून गेला होता. 'लिसा' या संगणकाच्या एका बटणावर 'डू इट' असे लिहिलेले होते. अक्षरे जवळजवळ असल्यामुळे चाचणीला आलेल्या एकाने ते 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असे वाचले आणि यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते म्हणून तो रागावला. बटणावर मग 'ओके' आले.)

२००२ मध्ये ग्नोमची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत मांडणीची नियमावलीही आली. ही नियमावली म्हणजे एक वाचनीय ग्रंथ आहे. खिडकीच्या कडेपासून बारा बिंदू जागा सोडावी, दोन घटकांमधील अंतर सहाच्या पटीत ठेवावे, येथपासून ते इशारा देताना वापरणाऱ्याला दोष देऊ नये, येथपर्यंत तिची व्याप्ती होती. तिच्यातील सर्वांत मोलाचा नियम बटणांवरील शब्दांचा होता : बटणावर 'होय' किंवा 'ठीक आहे' असे न लिहिता त्या बटणाने जे घडेल तेच क्रियापद लिहावे. याचे महत्त्व मराठी उदाहरणाने चटकन पटेल. पडद्यावर प्रश्न आला, "छपाई रद्द करायची?" आणि खाली दोन बटणे आली, 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. आता छपाई रद्द करण्यासाठी 'रद्द करा' दाबायचे की 'ठीक आहे'? भल्याभल्यांची बोटे येथे थबकतात. त्याऐवजी 'छपाई थांबवा' आणि 'छपाई चालू ठेवा' अशी बटणे असली तर प्रश्न न वाचताही उत्तर देता येते.

त्याच नियमावलीत बटणांचा क्रमही ठरविला गेला. काम पुढे नेणारे बटण सर्वांत उजवीकडे, त्याच्या डावीकडे माघार घेणारे, आणि जतन न करता बंद करण्याचे बटण सर्वांत डावीकडे. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याची नजर शेवटी जेथे विसावते तेथे मुख्य क्रिया असावी, असा त्यामागील विचार. केडीईच्या घरात याच्या उलट रीत होती, विंडोजसारखी : मुख्य क्रिया आधी, माघार शेवटी. त्यांचा युक्तिवाद असा की माणूस जे आधी वाचतो ते महत्त्वाचे असावे. दोन्ही युक्तिवाद तितकेच पटणारे आहेत. सातवीतल्या त्या मुलीचा हात या दोन युक्तिवादांच्या मध्ये सापडला होता.

यावर तोडगा निघाला तो चर्चेतून नव्हे, कारागिरीतून. २००६ मध्ये क्यूटीच्या ४.२ या आवृत्तीत बटणांसाठी एक तयार चौकट आली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त सांगायचे की हे बटण स्वीकाराचे, हे नकाराचे, हे टाकून देण्याचे. कोणते कोठे बसवायचे ते चौकटच ठरवते, आणि ठरविताना ती आपण कोणाच्या घरात आहोत हे पाहते. विंडोजमध्ये विंडोजची रीत, मॅकमध्ये मॅकची, ग्नोममध्ये ग्नोमची. लेकीने सासरी आणि माहेरी दोन्हीकडच्या रीती सांभाळाव्यात, तसेच हे म्हणता येईल. एकसूत्रता सुधारण्याच्या साऱ्या उपायांत हा उपाय सर्वांत खात्रीचा ठरला आहे. नियमपुस्तक वाचणारे थोडे असतात. तयार चौकट हाताशी असली की ती सगळेच वापरतात. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. समास सोडण्याचा नियम फळ्यावर शंभर वेळा लिहिण्यापेक्षा समासाची रेघ आखलेली वही मुलांना देणे केव्हाही सोपे.

चिन्हांच्या बाबतीतही असेच घडले. फ्रीडेस्कटॉपवर चिन्हांच्या नावांची सामाईक यादी ठरली आणि २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'टँगो' प्रकल्पाने एकाच रंगपेटीतून, एकाच प्रकाशदिशेने काढलेली चिन्हे सर्वांना खुली केली. टँगोने जतन करण्यासाठी फ्लॉपीचे चित्र टाळले आणि संगणकातील तबकडीवर उतरणारा बाण काढला. विचार चांगला होता. परंतु फ्लॉपी इतकी रुजली आहे की जिने ती कधी हातात धरली नाही अशी पिढीसुद्धा तिलाच ओळखते. शब्दांचेही असेच असते. 'पाटी टाकणे' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाटी असतेच असे नाही.

काही प्रोग्रॅम मात्र या सर्व नियमांच्या आधी वाढले आणि त्यांनी आपली स्वतंत्र वहिवाट निर्माण केली. 'ब्लेंडर' हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रॅम नेदरलँड्समधला. त्याची मालक कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून तो मुक्त करविला. त्यात वस्तू निवडण्यासाठी माउसचे उजवे बटण दाबावे लागे. जगातील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम डाव्या बटणाने निवडतो, पण ब्लेंडरच्या जुन्या वापरकर्त्यांना उजव्याची सवय होती आणि ते त्याची कारणेही देत. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या २.८० या आवृत्तीत शेवटी डावे बटण हीच मूळ रीत झाली. उजवे ज्यांना हवे त्यांच्यासाठी पर्याय ठेवला गेला. नवख्याला दार उघडले आणि जुन्याला घराबाहेर काढले नाही. बदल करावा तर असा.

'गिंप' या चित्रप्रोग्रॅमचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. २०१२ च्या २.८ या आवृत्तीत त्याने सुट्या खिडक्या एकाच खिडकीत आणण्याची सोय दिली, ती सर्वांना आवडली. त्याच आवृत्तीत त्याने असेही ठरविले की 'सेव्ह' म्हटले की चित्र फक्त गिंपच्या स्वतःच्या प्रकारात जतन होईल. जेपेगसारख्या प्रकारात हवे तर 'एक्स्पोर्ट' म्हणावे लागेल. कारण सयुक्तिक होते : जेपेगमध्ये चित्राचे थर नाहीसे होतात, आणि 'जतन' या शब्दाने काहीही गमावले जाऊ नये. तरीही वापरणारे नाराज झाले. जेपेग उघडावे, थोडे उजळावे आणि पुन्हा तेथेच ठेवावे, एवढेच अनेकांचे काम होते. प्रोग्रॅमने स्वतःशी सुसंगत राहावे की बाहेरच्या जगाशी? या प्रश्नाला नेहमीसाठीचे उत्तर नाही, आणि ज्याला ते सापडले असे वाटते त्याच्यापासून थोडे सावध राहिलेले बरे.

एकसूत्रतेच्या नावाखाली सक्तीही होऊ शकते, हे नमूद केले पाहिजे. २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली, तिने पडद्याची जुनी मांडणी मुळापासून बदलली, आणि स्वतः टोरवाल्ड्स यांच्यासह अनेकांनी जाहीर नापसंती दर्शविली. काहींनी जुनी मांडणी वेगळी काढून 'मॅटे' नावाने चालू ठेवली. ती आजही चालू आहे. २०१९ मध्ये ग्नोमसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या काही जणांनी वितरकांना जाहीर पत्र लिहून विनंती केली की त्यांच्या प्रोग्रॅमांचे रंगरूप परस्पर बदलू नये, कारण त्यामुळे अक्षरे दिसेनाशी होतात, चिन्हांचे अर्थ बदलतात आणि तक्रारी मात्र मूळ कर्त्याकडे येतात. वितरकाला आपले सारे घर एका रंगाचे हवे असते. कर्त्याला आपली वस्तू सर्व घरांत एकसारखी दिसावी असे वाटते. दोघेही एकसूत्रताच मागतात! केडीईने त्याच वर्षी आपल्या तीन प्रमुख ध्येयांत 'सुसंगती' हा शब्दच लिहून ठेवला. ज्या प्रकल्पाचा जन्म सुसंगतीसाठी झाला त्याला तेवीस वर्षांनी तेच ध्येय पुन्हा लिहावे लागले, यात कमीपणा नाही. घर राहते असले की झाडलोट रोजचीच.

आता हा विषय या शाळेच्या उंबरठ्यावर येतो. मराठी माध्यमाच्या मुलाला, विशेषतः महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला, पडद्यावरील मांडणीखेरीज आणखी एक विसंगती भेटते, ती शब्दांची. मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा गुण असा की कोणाचीही परवानगी न मागता ते मराठीत आणता येते, आणि कित्येक स्वयंसेवकांनी ते आणलेही. पण एकाने 'जतन करा' लिहिले, दुसऱ्याने 'साठवा'. एकाची 'फाइल', दुसऱ्याची 'धारिका', तिसऱ्याची 'संचिका'. कोणी आज्ञार्थ वापरला, कोणी 'जतन करणे' असे क्रियारूप. 'छापा' म्हटले की मुद्रण आठवावे की पोलीस? 'उघडा' ही आज्ञा आहे की विशेषण? अनुवादकाला पुष्कळदा सुटा शब्द दिसतो, तो कोणत्या बटणावर बसणार हे दिसत नाही. यासाठी 'गेटटेक्स्ट' या अनुवादसाधनात शब्दासोबत संदर्भ लिहिण्याची सोय आहे. मूळ कर्त्याने ती वापरण्याचे कष्ट घेतले पाहिजेत, एवढेच.

२००८ मध्ये पुण्यातील रेड हॅटच्या भाषाविषयक कामातून 'फ्युएल' नावाचा उपक्रम निघाला. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी करायची, प्रत्येक भाषेतील जाणकार आणि वापरणारे यांना एकत्र बसवून एकेका शब्दाला एकच प्रतिशब्द ठरवायचा, आणि मग ती यादी सर्व अनुवादकांनी वापरायची, असे त्याचे स्वरूप होते. हिंदीनंतर मराठी आणि इतर भारतीय भाषांतही हे काम झाले. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम केले, १९६२ मध्ये ते शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियम आले, तेव्हा केवढे वाद झाले हे जुन्या शिक्षकांना ठाऊक आहे. फ्युएलच्या यादीवर तेवढे वाद झाले नाहीत, कारण ती फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचली. ही खेदाची गोष्ट आहे. शब्दांवर भांडणारे लोक असणे हे भाषेच्या प्रकृतीचे लक्षण मानले जाते.

कळफलकाच्या बाबतीत मात्र भारताने फार लवकर शहाणपण दाखविले. १९८६ मध्ये ठरलेला 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक सर्व प्रमुख भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. देवनागरीत 'क' ज्या कळेवर आहे त्याच कळेवर गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू यांतही 'क'च आहे. शाळेत मराठी आणि गावात दुसरी भाषा लिहिणाऱ्या मुलाला एकदा बोटे बसवली की दोन्ही लिप्या हाती येतात. परप्रांतातील मराठी शाळेला याहून सोयीची भेट कोणती असणार? लिनक्समध्ये तो आयता मिळतो, विकत घ्यावा लागत नाही. तरीही बहुतेक घरांत रोमन अक्षरे टंकित करून मराठी उमटविण्याचीच रीत पडली आहे, आणि मुलांचे ऱ्हस्वदीर्घ त्यात कोणत्या दिशेला जातात हे वह्या तपासणाऱ्याने सांगावे.

अक्षरांच्या पोटातही एक विसंगती दडलेली आहे. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतील अर्धा र हा खास मराठीचा. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिला गेला आहे : एक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरी साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. पण शोध घेणारा प्रोग्रॅम काळजीने लिहिलेला नसेल तर एका रीतीने लिहिलेल्या 'दऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्याला सापडत नाहीत. शाळेच्या साठ वर्षांच्या नोंदी कधी संगणकावर चढविल्या गेल्या, तर 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडे' आडनावाचा माजी विद्यार्थी यादीत असूनही हरवलेला ठरू शकेल. नोंद करणाऱ्या सर्वांनी इनस्क्रिप्टमधील शिफ्टसह 'जे' ही एकच कळ वापरायची, असे आधी ठरविले तर हा प्रश्न उद्भवत नाही.

श्रोत्यांपैकी अनेक माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत, आणि त्यांना देणगीखेरीज आणखी काही देता येण्यासारखे आहे. मुक्त सॉफ्टवेअरमधील विसंगती कळविण्यासाठी प्रोग्रॅम लिहिता यावाच लागतो असे नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या खिडकीत, काय अपेक्षित होते आणि काय घडले, एवढे चार ओळींत आणि पडद्याच्या दोन चित्रांसह लिहिले तर ती नोंद कर्त्यांना उपयोगी पडते. उबुंटूने २००९ मध्ये अशाच बारीकसारीक खुपणाऱ्या शंभर गोष्टी गोळा करून दुरुस्त करण्याची मोहीम काढली होती. एकेक गोष्ट क्षुल्लक, पण सगळ्या मिळून दिवसभर टोचत राहणाऱ्या. नववी-दहावीची मुले मराठी शब्दांतील असे काटे नक्कीच शोधू शकतील. त्यांची नोंद इंग्रजीत नीट लिहून पुढे पाठविणारा एखादा मोठा माणूस महिन्यातून एक तास मिळाला तर पुरे. शाळांनी आपल्या परीने करावयाची गोष्ट याहून सोपी आहे : कक्षातील सर्व संगणकांवर एकच मांडणी, एकच आवृत्ती आणि एकच कळफलक. केरळमधील शाळांनी संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले, तेव्हा राज्यभर एकच संच बसविण्याची दक्षता घेतली. एका गावातून दुसऱ्या गावी बदली झालेल्या शिक्षकाला आणि मुलाला तेथे तोच पडदा भेटतो.

त्या सातवीतल्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला. तो आधीइतका चांगला झाला नाही असे तिचे म्हणणे होते, आणि बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी या वेळी वर्गाला बटणांविषयी काहीच सांगितले नाही. शीर्षक टंकित झाल्याबरोबर, पहिले वाक्य लिहिण्याच्या आधी, कंट्रोल आणि 'एस' दाबायला सांगितले. त्या दोन कळा कक्षातील दोन्ही संगणकांवर एकच काम करतात.